सुयांवरचा बर्फ

पुढे गावातले सगळे धाकट्यालाच बोलले, पण नळ सोडा म्हणाली होती ती वहिनीच. हे आधी सांगायला हवं.

त्या हिवाळ्यात पाऊस नाही, बर्फ नाही, नुसता कोरडा वारा. घराच्या वरच्या अंगाला, उतारावर पाइनच्या रांगा होत्या. सासऱ्यांनी तिथलं जुनं रान तोडलं, तेव्हापासून वारा शेतातली माती उचलून न्यायचा. ताटात माती, अंथरुणात माती. म्हणून थोरल्याने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, एकेक रोप लावलं होतं. झाडं आता माणसाच्या खांद्याला लागलेली. आणि नेमक्या याच वर्षी त्यांच्या सुया, ती सुईसारखी बारीक पानं, तांबूस पडायला लागल्या. थोरला कंबर धरून खाटेवर पडलेला. झाडं राखायची वहिनीनं आणि त्याच्या धाकट्या भावानं.

दिवस कलला तसा धाकटा फवाऱ्यांच्या नळाकडे निघाला. खिडकीतून थोरला ओरडला, “वरून नको रे! गारठा उतरतोय. पाणी सुयांवरच गोठेल. उद्या दुपारी ऊन पडलं की बुडाशी घाला, बादलीनं.”

“दादा, तुझं बरंय. बादल्या घेऊन चढ आम्ही चढायचा.”

बादल्या वाहून वहिनीच्या तळहाताची सालटं निघाली होती. ती म्हणाली, “सोडा हो भाऊजी. एक दिवस वरून दिलं तर काय आभाळ कोसळणार आहे?”

फवारे गरागरा फिरले. सुया ओल्या झाल्या, हिरव्या दिसायला लागल्या. वहिनीला बरं वाटलं. त्या रात्री ती गाढ झोपली.

सकाळी दार उघडलं तर अख्खा उतार झगझगत होता. सुईनसुई बर्फात बंद झालेली. असं देखणं रूप तिने त्या झाडांचं कधी पाहिलं नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहून बघत होती, तेवढ्यात कडाड्‌कन आवाज झाला. मग तिचं लक्ष गेलं. झाडांनी माना टाकल्या होत्या. काहींचे शेंडे जमिनीला टेकले होते.

धाकटा कुदळीचा दांडा घेऊन वर धावला आणि फांद्यांवर मारत सुटला. बर्फाचे तुकडे खळाखळा खाली येत होते. त्यांच्याबरोबर फांद्याही येत होत्या.

“थांबा भाऊजी! मोडतंय सगळं!”

“मग काय हात बांधून बघत बसू?”

त्याने आणखी एक हाणला. शेंडा तुटून वहिनीच्या पायाशी पडला. धाकटा त्याच्याकडे बघतच राहिला.

“ठेव तो दांडा खाली.”

थोरला कुंपणाला धरून उभा होता. पायात चप्पल नाही, चेहरा पांढराफटक. खाटेवरून उठून तिथवर कसा आला, त्याचं त्यालाच ठाऊक. “उन्हानं उतरू दे. हात लावू नका कुणी.”

“तुम्हीच म्हणालात वहिनी,” धाकटा पुटपुटला.

“म्हणाले मी,” वहिनी म्हणाली. “मीच म्हणाले.”

थोरला दोघांनाही एक शब्द बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

उन्हाने बर्फ उतरला. खालच्या रांगा हळूहळू सावरल्या. वरची रांग, जी वारा अंगावर घ्यायची, ती मोडली ती मोडलीच. थोरल्याची कंबर पुन्हा धरली, आधीपेक्षा वाईट. धाकट्याने घरी जेवणं बंद केलं. शेतावरच्या खोपीत राहायला लागला. थोरल्याने त्याचं नाव काढलं नाही. वारा सुटला, आणि माती पुन्हा घरात आली.

जमीन उन्हाने मऊ झाल्यावर वहिनी एकटीच वर गेली. शेंडा गेलेल्या झाडाची एक बाजूची फांदी तिने वर वळवली आणि काठीला बांधायला बघितली. ती फांदी शेंडा होईल, असं तिला वाटत होतं. पण फांदी धरावी तर काठी निसटायची, काठी धरावी तर फांदी.

मागून कुणीतरी फांदी धरली.

“जुनी चादर फाडून पट्ट्या आणल्यात,” धाकटा म्हणाला. “सुतळीनं साल कापेल.”

तिने सरकून जागा दिली. दोघांनी एक झाड बांधलं, मग दुसरं. वारा उठला, डोळ्यांत माती गेली. धाकटा डोळे मिटूनच गाठ आवळायला लागला.

तेव्हा खालून, खिडकीतून आवाज आला, “एवढं घट्ट नको रे! जरा सैल ठेव!”

धाकट्याचे हात थांबले. त्याने वहिनीकडे बघितलं. हिवाळ्यापासून दादा त्याच्याशी बोललेलं हे पहिलंच.

“बरं दादा!” त्याने ओरडून सांगितलं. आवाज फाटला त्याचा.

आणि बसून, मातीने भरलेले डोळे बाहीला पुसत, त्याने ती गाठ सोडून पुन्हा बांधली.