कप्तान नीलाक्ष आणि गावची लाइन

नवऱ्यात काय कमी आहे, हे महामायाबाईंना कधी शोधावं लागलं नाही. माप तयार होतं: कप्तान नीलाक्ष. ‘नभपार’ या जुन्या टीव्ही मालिकेतला परग्रहावरचा हा गडी पृथ्वीवरच्या एका शिक्षिकेच्या प्रेमात पडला आणि शेवटच्या भागात यान सोडून तिच्या दारात आला. “तो तिच्यापायी आभाळ सोडून आला. तुमच्यानं दुकान सोडून खामगावच्या लग्नाले येनं होत नाही,” हे देवानंद संसारभर ऐकत आला होता. नांदुऱ्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. ऐकायचा आणि तार गुंडाळत राहायचा.

परवा कुणीतरी मालिकेचे सगळे भाग यूट्यूबवर टाकले. रविवारी बाईंनी देवानंदला टीव्हीसमोर बसवलं. प्रेम कशाशी खातात, हे याला एकदा डोळ्यांनी दिसू दे! तो तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन बसला.

पहिल्याच भागात बाईंचं तोंड कडू झालं. यानाचा दरवाजा म्हणजे सरळसरळ कूलरचा पत्रा; मेल्यांनी जाळीसुद्धा काढली नव्हती. परग्रह म्हणून गिट्टीची खदान दाखवली होती, आणि मागून एक बकरी निवांत चालली होती. नीलाक्षाची चंदेरी विजार गुडघ्यावर उसवलेली. बोलणं असं, की बसस्टँडवर गाड्या पुकारणारा बरा. आणि ती शिक्षिका! दर भागात बेशुद्ध पडायची, शुद्धीवर आली की त्यालाच विचारायची, मी आता काय करू? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

“बकरी चांगली हाये,” देवानंद म्हणाला.

“चूप बसा. शेवट पाहा.”

शेवट तरी खरा निघायला हवा होता. नाहीतर नवऱ्याविरुद्धचा इतक्या वर्षांचा दावाच निकालात निघाला असता.

हा शेवट बाईंनी स्वतः पाहिलेला नव्हता. माहेरी धामणगाव बढ्यात तेव्हा लाइन, म्हणजे वीज, गेली की शेजारच्या केसरबाईंचा टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. नेमका त्या रविवारी ट्रॅक्टर कापूस घेऊन जिनिंगला गेला, बॅटरीसकट. लाइनही गेली. साऱ्या पोरी हिरमुसल्या. गल्लीतला देवानंद मोताळ्याला मामाकडे होता, त्यानं शेवट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी महामायाला सांगितला. नीलाक्ष दारात उभा राहतो आणि म्हणतो, तुमच्या गावची लाइन गेली तर मी अंधारात बसेन, पण इथंच बसेन. हे वाक्य बाईंनी आयुष्यभर जपलं. पुढं शाळेत विज्ञान शिकवलं. पण परग्रहावरच्या कप्तानाला गावच्या लाइनचं काय पडलं होतं, हा प्रश्न एवढ्या हुशार बाईंना एकदाही पडला नाही.

शेवटच्या भागात नीलाक्षानं शिक्षिकेच्या कपाळावर टॉर्च मारला, तिच्या आठवणी पुसल्या, “माझ्या मोहिमेत तुझी अडचण होते” म्हणाला आणि कूलरचं दार ओढून निघून गेला. खेळ खल्लास.

“मुडदा बशिवला याचा!” बाई ओरडल्या. मग सावकाश नवऱ्याकडे वळल्या. “अन् ते लाइनचं? ते कोन बोललं?”

“मी.”

“म्हंजे माह्याशी खोटं बोलले?”

“खोटं काऊन? तो गेला निंगून. मले त्याचा राग आला. मंग माह्या मनात होतं ते तुले सांगतलं.” त्यानं हातातली शेंग सोलली. “तू त्याच महिन्यात लग्नाले हो म्हणली. मले वाटलं, तुले समजलं.”

बाईंच्या त्या होकाराचं कारण वेगळंच होतं. खामगावच्या एका मास्तरानं त्यांना पाहून नकार कळवला होता, आणि चारचौघांत हसं नको म्हणून वडिलांनी घाईनं गल्लीतलंच स्थळ धरलं होतं. नीलाक्षाला घातली नव्हती इतकी घाण शिवी बाईंनी मनातल्या मनात स्वतःला घातली.

“समजलं होतं नं?” देवानंदनं विचारलं.

“हाव,” त्या म्हणाल्या.