मंदाशेजारची जागा

गिरधरने केळीच्या बागेचा तक्ता खिळ्याला अडकवला, छडीचं टोक एका घडावर टेकवलं आणि विचारलं, "मुलांनो, या चित्रात तुम्हांला काय काय दिसतं?"

पहिलीची एकतीस मुलं त्याच्याकडे बघत राहिली. त्याने प्रश्न पुन्हा विचारला, मग आणखी सोपा करून. तेव्हा पुढच्या ओळीतली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "हाऊ गुरजी काय म्हनी राहिना?" मागे खुर्चीवर बसलेल्या अभिमन सरांनी निरीक्षण वहीत काहीतरी लिहिलं.

धुळ्याच्या अध्यापक विद्यालयाने त्या वर्षी साक्रीकडच्या चार शाळा छात्रसेवाकालासाठी, म्हणजे शिक्षक होऊ घातलेल्यांच्या सरावासाठी, घेतल्या होत्या. गिरधरच्या वाट्याला ही डोंगरालगतची शाळा आली. तो एदलाबादकडचा. त्याच्या घरची बोली वेगळी, इथली वेगळी, आणि पाठ टाचणातली मराठी दोन्हींपासून लांब.

"टाचण चांगलं आहे," व्हरांड्यात सर म्हणाले. "पण वर्गात तू एकटाच होतास. शुक्रवारी वजाबाकीचा पाठ बघतो. तोही असाच झाला, तर सेवाकाल पुन्हा करावा लागेल."

सर दुपारच्या एसटीने दुसऱ्या शाळेकडे गेले. गिरधरने तक्त्याची गुंडाळी केली आणि वर्गशिक्षिका तानुबाईंपुढे येऊन उभा राहिला. बावीस वर्षं त्या पहिलीच शिकवत होत्या.

"बाई, मी घरी जातो म्हणतो. आमच्या केळीच्या बागेत माणूस लागतोच."

तानुबाई चिंचोके निवडत होत्या. किडका एक त्यांनी बाजूला टाकला.

"जायचं तर शुक्रवारनंतर जा, भाऊ. तोवर शिकवू नका. मंदाशेजारी जागा आहे, तिथे बसा."

"मुलांमध्ये?"

"बोली कानावर पडेल. मी मुलांना सांगते ते तुम्हीही करायचं."

मंगळवारी गिरधर तरटपट्टीवर मांडी घालून बसला. गुडघे मावेनात, म्हणून त्याने ते पोटाशी घेतले. मुलं हसली. त्याच्या डाव्या हाताला मंदा होती. तेल चोपडलेल्या घट्ट वेण्या, मांडीवर पाटी. ती हसली नाही. त्याने शेजारच्या पोराकडून शिकून घेतलेलं वाक्य तिच्यावर वापरून पाहिलं. पाटीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हाई काय शे?" तिने पाटी पोटाशी ओढली.

बाईंनी सगळ्यांपुढे चिंचोके वाटले. "सातमधून तीन काढा." गिरधर मुलांची बडबड ऐकण्यात गुंतला होता. त्याने दोनच काढले. थोड्या वेळाने डावीकडून एक छोटा हात आला आणि त्याच्या ढिगातला एक चिंचोका उचलून घेऊन गेला.

बुधवारी तो खरंच अडला. बाईंनी सुपातली चिमूटभर धान्यं एकेक करून पुढे ठेवली आणि नावं विचारली. त्याला एकाचंही इथलं नाव येईना. वर्ग हसायला लागला. मंदाने आधी जमिनीकडे पाहिलं आणि मग, फक्त त्याला ऐकू जाईल असं, एकेक नाव सांगितलं. तो ते मोठ्याने म्हणत गेला. दिवसाअखेर त्याला बरेच शब्द येऊ लागले होते, आणि घरी जाण्याचा विषय त्याने काढला नव्हता.

शुक्रवारी सर आले. गिरधरने तक्ता लावला नाही. मुलांना गोल बसवून मधोमध नऊ चिंचोके मांडले. "कितला शेतस?" त्याने विचारलं. वर्ग एका आवाजात ओरडला. सरांनी मान वर केली. पाठ रंगात आला. त्याने चार चिंचोके उचलले, मुठीत धरले आणि वळून फळ्यावर उत्तर लिहिलं. सहा.

मुलांनी अजून मोजलं नव्हतं. सरांची लेखणी थांबली. तेवढ्यात मंदा उठली. फ्रॉक सावरत ती फळ्यापर्यंत चालत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गुरजी, पाच शेतस."

कुणीच फळ्याकडे बघत नव्हतं. सगळी मुलं मंदाकडे बघत होती. दाराशी उभ्या तानुबाईंनी तोंड व्हरांड्याकडे वळवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

गिरधरचे कान तापले. त्याने सहा पुसून पाच लिहिलं.

"आशयाची चूक, तीही पहिलीच्या गणितात," सर नंतर म्हणाले. त्यांनी शेरा लिहून खाली 'क' दिला. "पण वर्ग तुझ्याबरोबर होता. सेवाकाल पुन्हा करायची गरज नाही."

मुलं गेल्यावर गिरधर वही घेऊन बाईंकडे आला. "मंदामुळे वाचलो. हुशार आहे पोर."

"जूनपासून शाळेत येते," तानुबाई म्हणाल्या. "तिचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला."

गिरधरने वहीतून मान वर केली.

"घरी बोलते, इथे नाही. मी सगळं करून पाहिलं. हुशार मुलांच्या शेजारी बसवलं, माझ्याजवळ बसवलं." त्या थांबल्या. "तिच्यापेक्षा कमी येणारं कुणीतरी शेजारी हवं होतं. आधी सांगितलं असतं, तर तुम्ही सारखं तिच्याकडेच बघत बसला असता."

"म्हणजे मला बोलीसाठी नव्हतं बसवलं?"

"तीही आलीच की."

बाहेर मंदा कुणाला तरी मोठ्याने हाक मारत होती. गिरधरने वही मिटून पिशवीत टाकली. सेवाकालाचे अजून सहा दिवस होते. रिकाम्या तरटपट्ट्यांवरून त्याची नजर फिरली.

"बाई," तो म्हणाला, "उद्या कुठे बसू?"