मालतीबाईंची साक्ष

विनायकरावांना जाऊन वर्ष झालं, त्या २०१८ सालची ही गोष्ट.

त्यांची बायको मालतीबाई साळवे तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या. सिंगापूरला, तोआ पायोह भागात लेकाकडे राहायच्या. नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या. प्रार्थनेवाचून घास घ्यायचा नाही, ही लहानपणची शिस्त. आता ताटावर डोळे मिटायच्या, पण आतून एक शब्द यायचा नाही.

विनायकरावांच्या आजारपणात प्रार्थनासभा चालवणारे शिरीष भालेराव म्हणाले होते, "विश्वास ठेवा वहिनी, उठून बसतील." माणूस गेल्यावर म्हणाले, "विश्वास कुठेतरी कमी पडला." ते वाक्य वर्षभर कुसळासारखं सलत होतं.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थनासभा या शिरीषभाऊंच्याच बुकित बातोकच्या फ्लॅटवर भरे. रीत अशी, की घरचं माणूस जाऊन वर्ष झालं की उभं राहून साक्ष द्यायची, प्रभूने कसं तारलं ते सांगायचं. मग सगळ्यांनी एका सुरात आमेन म्हणायचं.

"मी खोटं बोलणार नाही," सभेला जाताना एमआरटी मेट्रोत त्या नातीला म्हणाल्या.

"देन डोन्ट लाह, आजी," क्षिप्रा सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"तुझं ठीक आहे गं. मला मराठीत बोलायला हीच चार घरं. ती तुटली तर?"

तरी सभेत त्या उभ्या राहिल्या.

"यांच्यासाठी मी रात्रंदिवस प्रार्थना केली. हे गेले. प्रभू ऐकतो का, मला माहीत नाही. आहे का, तेही आता सांगवत नाही. पण माझा विश्वास कमी पडला, असं मी कुणाला म्हणू देणार नाही. हीच माझी साक्ष."

"आमेन!" सवयीने सगळी खोली गरजली. मग सगळ्यांनी जीभ चावली.

शिरीषभाऊ ताडकन उठले. "याला आमेन? परत घ्या!"

"परत घ्यायला ती काय शेजारणीकडची वाटी आहे?" त्यांची बायको नीलिमा म्हणाली. "आणि मी तर मनापासून म्हटलं. माझी आई गेली तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. तुमच्यापुढे बोलायची सोय होती का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एकेकाचं तोंड उघडलं. कुणाचं मूल गेलं होतं, कुणाची नोकरी; प्रत्येकाने आपली शंका वर्षानुवर्षं झाकून ठेवली होती. चहा निवून गेला. शेवटी शिरीषभाऊ खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, ते मी बोलायला नको होतं."

जेवताना मालतीबाईंनी डोळे मिटले. 'असशील तर ऐक,' त्या मनात म्हणाल्या, 'मी तुझ्यावर फार रागावलेय.' वर्षात पहिल्यांदा आपण कुणाशी तरी बोलतोय असं त्यांना वाटलं. त्या दिवशी त्या मागून मागून जेवल्या.

पुढे शिरीषभाऊ निवृत्त होऊन मुलाकडे पर्थला गेले. तिथे आजाऱ्यांना भेटायला जातात आणि बहुतेक वेळ गप्प बसतात म्हणे. नीलिमा मात्र इथेच राहिली; सभा आता ती चालवते, साक्षीची सक्ती नाही. क्षिप्राने दृढीकरण, म्हणजे आपला विश्वास चर्चमध्ये स्वतः कबूल करायचा विधी, दोन वर्षं लांबवलं आणि मग आपणहून घेतलं. मालतीबाई अजून रविवारी चर्चला जातात. अर्धा वेळ देवाशी भांडतात, अर्धा वेळ गातात, आणि गाताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर चढतो.