मुंडीचा मान

नवसाचा बोकड पडला की मुंडी थोरल्या घरी जाते, आणि ज्या घरी मुंडी गेली ते घर थोरलं. लोहाऱ्याजवळच्या त्या वस्तीवर एवढाच कायदा. इतकी वर्षं मुंडी गजराबाईच्या उंबऱ्यात येत होती. नवरा गेला आणि चुलतदीर नागप्पा म्हणायला लागला, आता थोरला म्या.

त्यात पुतणी मंजुषा आली. नर्स म्हणून समुद्रापल्याडच्या एका बेटावर गेलेली पोर. तिथंच लग्न, तिथंच संसार, आणि आता त्या बेटाच्या संसदेत, खालच्या सभागृहात निवडून आलेली. देश कसला, आपल्या दोन तालुक्यांएवढा. मूठभर खासदार, आणि सरकार एका मतावर उभं. ते मत मंजुषाचं. निवडून आले तर बोकड देईन, असं ती तुळजापूरच्या आईला बोलली होती, म्हणून संसदेतलं मतदान तोंडावर असताना धावत आलेली.

"काकू, बोकड झाला की निघते. संध्याकाळी हैदराबादहून विमान हाय."

"मुंडी घरात आल्याबगर कुणी हालायचं न्हाय," गजराबाई म्हणाली.

बोकड कापणाऱ्या मुलाण्यानं मुंडी पितळेच्या ताटात ठेवली, तोच नागप्पानं ताटाला हात घातला. गजराबाईच्या बलभीमनं त्याला छातीवर ढकललं. नागप्पाच्या सुरजनं ट्रॅक्टर आणून मंजुषाच्या जीपपुढं आडवा लावला आणि पहार घेऊन उतरला. पहिलाच घाव बलभीमच्या कपाळावर बसला. डोळ्यात रक्त उतरलं तरी बलभीमनं सुरजचा गळा सोडला न्हाय. झटापटीत दोघं चुलाणावर गेले, उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडलं, सुरजच्या पायाची सालटी निघाली. मग भावकीनं दगड उचलले.

"देऊन टाका त्यांना, काकू. म्या पोचले न्हाय तर तिथं सरकार पडतंय."

"पडू दे. हितं माझं घर पडतंय."

नागप्पा हसला. "पोरगी शहाणी हाय वहिनी. तुमीच अडाणी."

मंजुषानं ताटातली मुंडी उचलली आणि पदरात बांधली. "नवस माझा, बोकड माझा. थोरली म्या. ट्रॅक्टर काढा."

माहेरवाशिणीला खण मिळतो, मुंडी न्हाय. गजराबाईच्या मस्तकात जाळ उठला. जन्मभर जपलेला मान या पोरीनं भाजीच्या जुडीसारखा पदरात टाकला होता. हिचंच तंगडं मोडावं, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात नागप्पानं मंजुषाचा अंबाडा धरला आणि तिला खाली ओढलं. तिचा गुडघा दगडावर फुटला. मुलाण्याचा सत्तूर लाकडात रुतलेला होता. गजराबाईनं तो उपटला, आणि जीपच्या बॉनेटवर टेकलेल्या नागप्पाच्या दुसऱ्या हातावर घातला. दोन बोटं धुळीत पडली.

"थोरलीच्या डोक्याला हात लावतोस व्हय रं," ती सावकाश म्हणाली. "सुरज, ट्रॅक्टर काढ. बापाची बाकीची बोटं शाबूत हायत तवर."

भाजल्या पायानं सुरजनंच ट्रॅक्टर मागं घेतला. जीप गेली. मग पोलीस आले.

कोठडीच्या गजातून बलभीमनं आईला भाकरी दिली. त्याच्या कपाळावर टाके होते.

"पोचली. मत दिलं. सरकार तरलं म्हनं."

"अन् मुंडी?"

बलभीमनं मान खाली घातली. "उमरग्याच्या पुढं पुलावरनं टाकली. विमानात घेत न्हाईत."

गजराबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, बराच वेळ चावला.

"टाकंना," ती म्हणाली. "तिची व्हती."