भीमाचं राहिलेलं चालणं

मित्रांनो, ज्या गाडीचा ड्रायव्हर मध्येच खाली बसतो, रडतो आणि कधी कधी गाडीच चावून बघतो, अशी एक जुनी गाडी मी आहे. मला पांगुळगाडा म्हणतात. तीन चाकं आणि धरायला एक आडवी दांडी. श्रीगोंद्याजवळच्या एका गावात सुताराने मला मोडक्या बैलगाडीच्या बाभळीतून घडवलं. म्हणजे मीही तसा बैलगाडीचं बाळच. फक्त कधी मोठा झालो नाही.

चांगुणाबाईंच्या घरी मी त्यांच्या थोरल्या मच्छिंद्रसाठी आलो. तेव्हा गल्लीत लेकराचं वय कोणी महिन्यांत मोजत नसे. ते आधी तान्हं असायचं, मग पालथं पडतं, मग बसतं, मग रांगतं, मग धरून उभं राहतं. एवढं झालं की माझ्याकडे यायचं आणि चालतं होऊन जायचं. त्यापुढचे शब्द, म्हणजे पोरगं, कार्टं, टोणगा, मला फक्त ऐकून माहीत आहेत. लेकरू चालतं झालं की माझ्या दांडीला गुळाचा खडा बांधून मला पुढच्या घरी पोचवायचं, असा गल्लीचा रिवाज होता. निम्मी गल्ली माझ्यावर चालायला शिकली. "लई गुणाचा गाडा," असं समोरच्या साळूबाई म्हणायच्या. तेव्हा मी करकर वाजायचो. मला वाटायचं, तो अभिमान आहे. नंतर कळलं, तेल नव्हतं.

मग चांगुणाबाईंना धाकटा भीमा झाला आणि मी परत आलो. भीमा रांगत माझ्यापर्यंत आला, दांडी धरून उभा राहिला, हसला. पाऊल उद्या टाकू, असं आमचं ठरल्यासारखं होतं. त्या रात्री त्याला ताप भरला. त्या तापातून तो उठला नाही.

रिवाजाला दुसरी बाजूही होती. ज्या गाड्यावर लेकरू चालतं झालं नाही, तो गाडा पुढच्या घरी जात नाही. साळूबाईंची मुलगी तेव्हा उभी राहू लागली होती. त्या दारातूनच म्हणाल्या, "चांगुणे, राग धरू नगं. पन त्यो गाडा आमाला नगं."

चांगुणाबाईंनी मला कोठीच्या कोपऱ्यात ठेवलं.

तिथे माझी उमर गेली. माझ्यावर लसूण वाळला, फवारणीचा पंप विसावला. एकदा एका कोंबडीने माझ्याखाली अंडी उबवली. पिल्लं बाहेर आली आणि लगेच चालायला लागली, कोणाचीही मदत न घेता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. गल्लीतल्या पोरांना मिशा फुटल्या, मग पोटं सुटली. पण किती लेकरं, असं कोणी विचारलं की चांगुणाबाई म्हणायच्या, "दोन. एक मच्छिंद्र आन् एक रांगता."

पुढे त्या न्हाणीत पडल्या, खुबा मोडला. नातू ओमने नगरहून चार पायांचा चकचकीत वॉकर आणला. "ही खुर्ची बसायचं इसरली का रं?" असं म्हणून त्यांनी त्यावर लुगडं वाळत घातलं.

यंदा ऊसतोडीच्या दिवसांत साळूबाईंची पणती राजनंदिनी भिंत धरून उभी राहिली. ते कानावर येताच चांगुणाबाई म्हणाल्या, "ओम्या, कोठीतला गाडा काढ."

"आज्जे, त्यो लेकरांचा हाय. तुला कसा पुरंल?"

"माझी कंबर बघ की कुठं आलीया."

खरंच, मित्रांनो, त्या इतक्या वाकल्या होत्या की माझी दांडी त्यांच्या हातात बरोबर बसली.

"भीमाचं चालायचं राहिलं," त्या म्हणाल्या, "ते मी चालते. मंग तरी ह्या गाड्याला कुनी न्हाई म्हनू ने."

दांडीला गूळ बांधून आम्ही निघालो. रस्त्याच्या मधोमध त्यांना दम लागला. तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला आणि माझ्यासारख्या तीनचाकीपुढे थांबला.

"आजी, साइड द्या की!"

"शिकाऊ हाय रं, थांब जरा," ओम म्हणाला.

साळूबाई ओट्यावर होत्या. त्यांनी आधी मला ओळखलं.

"चांगुणे, ह्या वयात चालाय शिकलीस व्हय गं?"

"शिकले. आता चालता गाडा झाला. घेतीस का?"

साळूबाई माझ्याकडे वाकल्या. मग त्यांनी दांडीचा गूळ सोडला. कणभर राजनंदिनीच्या जिभेला लावला, उरलेला चांगुणाबाईंच्या तोंडात घातला. राजनंदिनीने माझी दांडी धरली आणि चावून बघितली.

परत जायला चांगुणाबाईंच्या हाताशी काहीच नव्हतं. त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या, मग बसल्या. शेवटी ओमने त्यांना उचलून कडेवर घेतलं. लेकरांचे सगळे शब्द त्यांना उलटे लागू होत होते. पुढच्या महिन्यात त्या कुशीवरही वळेनाशा झाल्या.

राजनंदिनी चालली, त्या दिवशी ओमने त्यांच्या कानात सांगितलं, "आज्जे, चाललं बरं का लेकरू!"

"भीमा?"

"व्हय आज्जे. भीमा."

मित्रांनो, आज माझ्या दांडीला पुन्हा गुळाचा खडा आहे. मला न्याल तेव्हा चाकांना थोडं तेल घाला. आणि ज्या घरात एखादं लेकरू रांगतंच राहिलं, त्या घरचा गाडा नको म्हणू नका.