मुसळधार कशाला म्हणायचं

छत्र्यांच्या दुकानात सुनेनं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं एक अख्खी छत्री बनवली, ती विकली गेली आणि आठवडा व्हायच्या आत परतही आली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ती पुढ्यात ठेवली. उलटलेली, मेलेल्या कोळ्यासारखी.

"पाटीवर काय लिहिलंय? मुसळधार पावसात टिकणारी. काल टिकली का? आमच्या सगळ्याजणींना हीच घ्या म्हणून सांगणार होते मी."

एवढ्या छत्र्यांचं काम हातचं गेलं, तर सासूबाई सुनेला परत नुसती कापडं शिवायला बसवणार, हे ठरलेलंच होतं.

पण सासूबाई कसल्या ऐकतात. "बाई, कालचा पाऊस आडवा होता. मुसळ कधी आडवं पडतं का? जाड, सरळ धार पडते तो मुसळधार. माझ्या लहानपणी पडला होता. धारा इतक्या जाड, की आमचा दादा एक धार धरून गच्चीवर चढला. वर पोचला आणि पाऊस थांबला. मग काय, शिडी लावून उतरवला."

नर्सबाई हसल्या, पण छत्री काही उचलेनात. "आजी, थापा झकास मारता. पण मी नखशिखांत भिजले त्याचं काय?"

"अहो, शब्दाला काही अर्थ असतो की नाही?"

"आई," सून मध्येच बोलली, "भिजणारा माणूस धार सरळ आहे का ते बघत बसत नाही. धो धो कोसळला की तो मुसळधारच म्हणतो. पाटी आपण त्याच्यासाठीच लावलीय ना?"

सासूबाईंनी डोळे वटारले. सुनेनं मान खाली घातली नाही. तिनं वाकलेल्या काड्या काढल्या, जाड बसवल्या, सांधे तारेनं आवळले. माथ्याशी वारा निसटायला कापडात फट ठेवली आणि तिच्यावर छोटं झाकण शिवलं.

तोवर बाहेर पावसानं पुन्हा झोडपायला सुरुवात केली होती.

"बघू तर," म्हणत नर्सबाई निघाल्या. कोपऱ्यावर वाऱ्यानं छत्रीला गाठलं. ती फुगली, करकरली, एका बाजूला कलली. सून दारात येऊन बघत राहिली.

छत्री सावरली. नर्सबाईंनी मागं न बघताच हात हलवला.

सासूबाई गल्ल्यावरून उठल्या. मग म्हणाल्या, "उद्या त्या सगळ्याजणी येतील. गल्ल्यावर तू बस. मी आपली गिऱ्हाइकांना गोष्टी सांगते."