गुरुवारची न्हाणी

मालसूनताई बुसान शहरातून गावी परतल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक बॅग, नवऱ्याचा फोटो आणि दुखरी मनगटं एवढंच होतं. तीस वर्षं त्यांनी तिथल्या सार्वजनिक न्हाणीघरात बायकांच्या पाठी घासल्या होत्या. आमचं गाव समुद्रकाठचं, जेमतेम साठ घरांचं, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक घरांत एकेकट्या म्हाताऱ्या. ताई चर्चला नेमानं यायच्या, पण प्रार्थना चालवायची पाळी आली की मान खाली घालायच्या.

"पाळकसाहेब, मला चारचौघांत बोलता येत नाही," एका रविवारी त्या म्हणाल्या. "आवाज फाटका, स्वयंपाक बेताचा. मला एकच येतं. पाठ घासता येते."

आमचे पाळक तरुण. मला वाटलं, हसतील. पण ते म्हणाले, "मग पाठच घासा. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तुम्ही जरा वर सरकलात इतकंच!"

तालुक्याचं न्हाणीघर वर्षापूर्वी बंद पडलं होतं. म्हाताऱ्या घरीच कशाबशा अंग पुसून घ्यायच्या. पाळकांनी चर्चच्या स्वयंपाकघरामागची खोली मोकळी केली, दोन दिवस काजळीनं तोंड माखून घेत जुना बंब दुरुस्त केला, आणि किमचीचा कोबी खारवायचे मोठाले टब तिथं मांडले. चर्चची व्हॅन मी चालवते, तेव्हा दर गुरुवारी म्हाताऱ्यांना न्हाणीला आणायचं काम माझ्याकडे आलं.

हातात अंग घासायचा हिरवा खरखरीत मोजा चढवला की ताई वेगळ्याच दिसायच्या. मान ताठ, आवाज खणखणीत. "वळा. हात वर. श्वास सोडा." पाठीवरून मळाच्या वळ्या सुटायच्या आणि म्हाताऱ्या खिदळायच्या.

"अगं बाई, ही माझ्या अंगावरची माती की लसणाच्या वाफ्यातली?"

"गेल्या वर्षीच्या वाफ्यातली!"

न्हाऊन झालं की कालवं घातलेलं समुद्री शेवाळाचं गरम सूप. लालबुंद गालांच्या आठ-दहा म्हाताऱ्या एका ओळीत बसून सूप भुरकताना पाहिल्या की मला उगीचच गावंसं वाटायचं.

एक दॉकसिम आजी तेवढी यायची नाही. वय चौऱ्याऐंशी, घर बंधाऱ्याच्या टोकाला. समुद्रात पाऊणशे मैल आत गेलेली तिच्या मुलाची बोट परत आली नव्हती, त्याला कैक वर्षं झाली. तेव्हापासून रोज पहाटे ती अंगणात स्वच्छ पाण्याचा वाडगा ठेवून समुद्राकडे हात जोडते. पानगळीत पडून तिचं कंबरडं दुखावलं, तेव्हापासून तिला नीट अंघोळही जमत नव्हती. पण माझी व्हॅन दिसली की काठी उगारायची.

"तुमच्या साबणात येशू घोळलाय! आधी पाठ धुवाल, मग डोकं!"

"पुढच्या गुरुवारी टब घेऊन तिच्या घरीच जाऊ," ताई मला म्हणाल्या.

"काठीनं हाणेल ती."

"हाणू दे. हातात जोर आहे एवढं तरी कळेल."

डिसेंबर लागला होता, अंगणात हिमाचा पातळ थर. आम्ही टब उतरवला आणि डब्यांतलं कोमट पाणी त्यात ओतलं. आजी दारातच उभी.

"आजी, मी धर्म नाही आणला. पाणी आणलंय," ताई म्हणाल्या.

"पाणी ठेव आणि चालती हो!" आजीनं काठी उचलली.

ताई एक पाऊल मागं सरल्या, पाय बर्फावरून सटकला आणि त्या धपकन टबातच बसल्या. कोटासकट, बुटांसकट.

मग आजी हसायला लागली. हसता हसता दाराची चौकट धरून खाली बसली. मीही हसले, आणि टबातल्या ताईही.

"अगं, गारठून मरशील, वेडे! आत आण गं तिला!" आजी माझ्यावर ओरडली.

आत, खालून धग दिलेली जमीन छान तापलेली होती. आम्ही ताईंचे ओले कपडे काढले. आजीची नजर त्यांच्या पाठीवर गेली. मधोमध, जिथं स्वतःचा हात पोचत नाही, तिथं कातडी कोरडी, पांढरी पडली होती.

"ही पाठ आहे की वाळत घातलेला मासा? तुझी कोण घासतं?"

"कुणी नाही."

"आणि बुसानला?"

"तिथं गिऱ्हाइकं गेली की फरशी धुवायची आणि झोपायचं."

आजीनं हात पुढं केला. "दे तो मोजा."

"नाही, आजी! तुमची सेवा करायला मी आले—"

"सगळं पुण्य तूच लाटणार होय? थोडं माझ्यासाठी ठेव. वळ!"

मी टबातलं उरलेलं पाणी आत आणलं. आजीच्या हातांत अजून जोर होता. थोड्या वेळानं ताईंचे खांदे हलायला लागले.

"दुखतंय?"

"नाही."

"मग रड खुशाल. तेही निघालेलं बरं."

त्यानंतर आजी आपणहून पाठमोरी बसली. "आता माझी. पण प्रार्थना नको हं." ताईंनी खूप वेळ घासली. मध्येच आजी हळूच म्हणाली, "मुलाचं नाव इनसॉक. समुद्राला मी सांगतेच. तू तुझ्या देवाच्या कानावर घाल. दोघांनी शोधलेलं बरं."

"घालते," ताई म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी आजी व्हॅनच्या आधी रस्त्यावर हजर. त्या दिवसापासून न्हाणीचा कारभार तिच्याच हातात. बंबाशेजारी खुर्ची टाकून ती पाळ्या लावते, भांडणं मिटवते, सूप कमी पडलं की आमच्यावर खेकसते. पाण्याचा वाडगा ती अजूनही ठेवते. त्यावर आमच्यात कुणी अवाक्षर काढत नाही.

हे सगळं पाहून गावातले म्हातारे कुरकुरले. "आम्ही काय पाप केलंय?" मग शुक्रवार पुरुषांचा ठरला आणि घासायचं काम पाळकांच्या गळ्यात पडलं. पहिल्या शुक्रवारी दाराबाहेर ताई उभ्या राहून सूचना देत होत्या, आम्ही सगळ्या कान लावून. आत म्हातारे कोळी गिल्योंग आजोबा वैतागले होते.

"पाळकसाहेब, पाठ घासताय की आशीर्वाद देताय?"

"जोर लावा!" ताई बाहेरून ओरडल्या.

"तळापासून वर!" दॉकसिम आजीनं काठी दारावर आपटली. "आणि उपदेशासारखं लांबवू नका, बाहेर सूप निवतंय!"

आत पाळक इतके मोठ्यानं हसले की साबण त्यांच्या हातून निसटला, आणि मग ते आणि आजोबा दोघंही तो शोधत बसले.